मोठ्या एसयूव्हीचे खरे अ‍ॅव्हरेज सांगण्याची सक्ती हवी

माझ्याकडे गेली तीन वर्षे एक सात आसनी डिझेल एसयूव्ही आहे. रिकाम्या गाडीचे वजनच दोन टनांच्या पुढे आहे. गाडी दारात आली त्या दिवसापासून तिच्या ग्लव्ह बॉक्समध्ये एक शंभर पानी वही आहे आणि डिझेलचा एकही भरणा त्या वहीत नोंदल्यावाचून राहिलेला नाही. पद्धत साधी आहे. शक्यतो एकाच पंपावर टाकी फुल करायची, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडले की तिथेच थांबायचे, पंपावरच्या मुलाने ‘साहेब, राउंड फिगर करू का?’ असे विचारले तरी नको म्हणायचे, आणि मग भरलेले लिटर, मागच्या भरण्यापासून झालेले किलोमीटर, गाडीत बहुतेक वेळ किती माणसे होती आणि एसी चालू होता की बंद, एवढे लिहून ठेवायचे. टाकी ते टाकी अशा या हिशोबातून निघालेले आकडे असे आहेत. पुणे शहरात लिटरला ८.२ किलोमीटर; मोकळ्या महामार्गावर ताशी ८० ते ९० च्या वेगाने १३; सात माणसे आणि त्यांचे सामान घेऊन ताम्हिणीमार्गे कोकणात जाऊन येताना १०.५, आणि तीन वर्षांची एकूण सरासरी ९.५. माहितीपत्रकात छापलेला आकडा १४ आहे. डॅशबोर्डवरचा पडदासुद्धा वहीपेक्षा अर्धा-पाऊण किलोमीटर जास्तच दाखवत आला आहे.

या फरकाचा अर्थ लिटरमध्ये पाहावा लागतो. वर्षाला १५,००० किलोमीटर धावणाऱ्या गाडीला छापील आकड्याप्रमाणे सुमारे १,०७० लिटर डिझेल पुरायला हवे. प्रत्यक्षात सुमारे १,५८० लिटर लागते. म्हणजे पाचशेहून अधिक लिटर डिझेल असे आहे, जे गाडी विकत घेताना कोणत्याही कागदावर नव्हते. लिटरला ९० रुपये धरले तर ही रक्कम वर्षाला ४५ हजारांवर जाते. एक लिटर डिझेल जळले की सुमारे २.७ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, तेव्हा या न मोजलेल्या डिझेलाचा धूर वर्षाला सव्वा टनाहून अधिक भरतो. ज्या देशाला आपल्या गरजेच्या ८५ टक्क्यांहून अधिक कच्चे तेल बाहेरून विकत आणावे लागते, त्या देशात हा हिशोब एकट्या गाडीमालकाच्या खिशापुरता राहत नाही. म्हणूनच माझे म्हणणे असे आहे की गाडी रस्त्यावर प्रत्यक्ष किती इंधन पिते हे मोजून जाहीर करणे कायद्याने बंधनकारक केले पाहिजे, आणि त्याची सुरुवात सर्वांत जड गाड्यांपासून केली पाहिजे.

कंपन्या खोटे बोलतात असा आरोप मी करत नाही. छापलेला आकडा चाचणीत खरोखर मिळालेला असतो. मी राहतो त्या कोथरूडला लागूनच असलेल्या वेताळ टेकडीवर ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडिया ही संस्था आहे. १९६६ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेचे ‘एआरएआय’ हे आद्याक्षरी नाव आता मायलेज या शब्दाला कायमचे चिकटले आहे. एआरएआय आणि तिच्यासारख्या इतर मान्यताप्राप्त संस्थांमध्ये गाडी रोलरवर चढवली जाते आणि ठरलेल्या वेळापत्रकानुसार चालवली जाते. हे वेळापत्रक ११८० सेकंदांचे, म्हणजे जेमतेम वीस मिनिटांचे आहे. अंतर साडेदहा किलोमीटरच्या आसपास, कमाल वेग ताशी ९०, आणि शून्यावरून ५० चा वेग गाठायला तब्बल २६ सेकंदांची मुभा. एसी बंद. गाडीच्या स्वतःच्या वजनात भर पडते ती फक्त एक-दोन माणसांच्या वजनाइतकी. मूळ युरोपीय चाचणीतला शहरी भाग १९७० च्या सुमाराचा आहे. आपण त्यातला वरचा वेग १२० वरून ९० वर आणून तो आराखडा स्वीकारला. दोन गाड्यांची एकमेकींशी तुलना करायला अशी एकसारखी चाचणी लागते, हे मान्य. पण ग्राहक तो आकडा तुलनेसाठी वाचत नाही. ‘ही गाडी किती अ‍ॅव्हरेज देते?’ या प्रश्नाचे उत्तर म्हणून तो वाचतो, आणि शोरूममध्ये त्याला तसेच सांगितले जाते.

हे सगळ्याच गाड्यांच्या बाबतीत खरे आहे. मग बोट जड एसयूव्हीकडेच का? कारण चाचणीत ज्या गोष्टी सौम्य केल्या आहेत किंवा वगळल्या आहेत, नेमक्या त्याच गोष्टी जड आणि उंच गाडीला सर्वांत महाग पडतात.

शहरातले थांबणे आणि निघणे घ्या. दोन माणसे बसलेली माझी गाडी ताशी ४० च्या वेगात असते तेव्हा तिच्यात जी गतिज ऊर्जा साठलेली असते, ती निर्माण करायला, इंजिनात जळालेल्या इंधनापैकी साधारण एक तृतीयांशच चाकापर्यंत पोहोचते हे धरून, सुमारे १२ मिलिलिटर डिझेल लागते. सिग्नल लाल झाला, ब्रेक दाबला, की ते १२ मिलिलिटर ब्रेकच्या चकत्या तापवण्यात संपले. पुढे पुन्हा १२ मिलिलिटर. पाच वेळा थांबून निघालो की कटिंग चहाचा ग्लास भरेल एवढे डिझेल केवळ या एका कारणाने जाते. याच रस्त्यावरून याच दोन माणसांना घेऊन जाणारी हजार किलोची छोटी गाडी दर थांब्याला याच्या निम्मीच ऊर्जा वाया घालवते. चांदणी चौकातून वाकडमार्गे हिंजवडीला सकाळी जाताना मला कित्येक ठिकाणी एका किलोमीटरला चार-चार मिनिटे लागतात. त्या चार मिनिटांत तिन्ही रांगांना गारवा देणारा एसीचा कंप्रेसर अखंड चालू असतो आणि एवढ्या संथ चालीत त्याची भूक टायर फिरवायला लागणाऱ्या ताकदीच्या तोडीची होते. चाचणीच्या खोलीत ती शून्य धरलेली आहे. त्यातच २०२० मध्ये धुराबाबतचे बीएस-६ हे कडक निकष आल्यापासून डिझेल गाड्यांच्या धुराड्यात काजळी अडवणारी गाळणी बसली आहे. ती गाळणी साफ करण्यासाठी इंजिन अधूनमधून जादा डिझेल जाळते, आणि सतत शहरात रेंगाळणाऱ्या गाडीला हे वरचेवर करावे लागते. गाळणी स्वच्छ हवेसाठी आवश्यकच आहे, मात्र तिचाही खर्च धरला पाहिजे.

महामार्गावर वजनाची जागा उंची आणि रुंदी घेते. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ८० वरून १२० वर गेलेली गाडी हवेशी सव्वादोन पट जोराने झगडत असते. पुणे-मुंबई द्रुतगती मार्गावर मोटारींना सपाटीवर ताशी १०० ची मर्यादा आहे; ती किती पाळली जाते हे त्या रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. कपाटासारख्या उभ्या आकाराच्या गाडीला या वेगाची जी किंमत मोजावी लागते, ती ९० वर थांबणाऱ्या चाचणीत कधी दिसतच नाही.

घाटाचा हिशोब तर मला सर्वांत बोलका वाटतो. खोपोलीहून खंडाळ्याला चढताना गाडी सुमारे साडेपाचशे मीटर उंच जाते. चार माणसे धरून माझ्या गाडीचे वजन साधारण २,४०० किलो होते. एवढे वजन एवढ्या उंचीवर नेण्यासाठी, चढाखेरीज दुसरा कुठलाही विरोध धरला नाही तरी, एक लिटरहून थोडे अधिक डिझेल जाते. आता यातले माणसांसाठी किती? चार माणसांचे वजन ३०० किलो; त्यांना वर न्यायला लागणारे डिझेल सुमारे १३५ मिलिलिटर, म्हणजे औषधाच्या एका बाटलीएवढे. उरलेले नऊशे-साडेनऊशे मिलिलिटर गाडीने स्वतःलाच वर नेण्यात घालवलेले असतात. उतरताना ही ऊर्जा परत मिळते असे कोणी म्हणेल. काही प्रमाणात मिळतेही, पण निम्म्याहून अधिक भाग ब्रेक आणि इंजिनच्या आवळण्यात जातो. बोरघाट उतरून आल्यावर चाकांशी येणारा करपट वास हा त्याच डिझेलचा असतो. सह्याद्रीच्या एका बाजूला नोकरी आणि दुसऱ्या बाजूला गाव असलेल्या लाखो कुटुंबांच्या वाट्याला हा चढ-उतार वर्षातून अनेकदा येतो, आणि छापील आकडा मात्र सपाट रोलरवरचा असतो.

आकडा कसा मांडला जातो, हाही प्रश्न तितकाच महत्त्वाचा आहे. आपण लिटरला किती किलोमीटर असे विचारतो आणि त्या भाषेत मोठ्या गाडीचा अपव्यय लपतो. एका गाडीचे अ‍ॅव्हरेज २० वरून २५ झाले आणि दुसरीचे १० वरून ८ वर घसरले, तर पहिला बदल मोठा आणि दुसरा किरकोळ वाटतो. वर्षाच्या १५,००० किलोमीटरांवर मात्र पहिल्या गाडीची बचत १५० लिटर आहे आणि दुसरीचा जादा खर्च ३७५ लिटर आहे. ‘आठ काय आणि दहा काय, दोनाचाच फरक’ असे माझ्या ओळखीचे अनेकजण मनापासून समजतात. युरोपात शंभर किलोमीटरला किती लिटर अशी उलटी भाषा रूढ आहे. आपल्याकडेही गाडीच्या काचेवर तीच भाषा आली पाहिजे. म्हणजे माझ्या गाडीवर ‘शहरात शंभर किलोमीटरला बारा लिटर’ असे लिहिलेले असेल आणि ते वाचणाऱ्याला कोणताही भागाकार करावा लागणार नाही.

हे अशक्य कोटीतले आहे असे नाही. अमेरिकेत नव्या गाडीच्या काचेवर लावल्या जाणाऱ्या पत्रकात शहर, महामार्ग आणि एकत्रित असे तीन आकडे वेगळे असतात, वर्षाचा अंदाजे इंधनखर्च डॉलरमध्ये असतो, आणि २००८ च्या मॉडेलांपासून हे आकडे काढताना एसी, जास्त वेग आणि थंड हवामान हे सारे विचारात घेतले जाते. तेथे २०१२ मध्ये ह्युंदाई आणि किया या कंपन्यांना आपल्या अनेक मॉडेलांचे जाहीर केलेले आकडे खाली आणावे लागले, ग्राहकांना फरकाचे पैसे द्यावे लागले आणि २०१४ मध्ये दहा कोटी डॉलरचा दंड भरावा लागला. आकड्यामागे सरकार उभे असेल तर त्याला वजन येते, ते असे.

युरोपचा अनुभव आपल्याला अधिक जवळचा आहे, कारण आपली चाचणी तिथूनच आलेली. जुन्या चाचणीचा आकडा आणि रस्त्यावरचा खर्च यांच्यातली दरी तिथे २००१ च्या सुमारास दहा टक्क्यांच्या आत होती. पुढच्या पंधरा वर्षांत ती चाळीस टक्क्यांच्या घरात गेली, कारण कंपन्या चाचणीत चांगली उतरणारी गाडी बनवायला शिकल्या. मग २०१७ पासून युरोपने अधिक कडक अशी नवी जागतिक चाचणी आणली. त्याहून मोलाचे पाऊल दुसरे होते. २०२१ पासून तिथल्या प्रत्येक नव्या पेट्रोल-डिझेल मोटारीत प्रत्यक्ष जळालेल्या इंधनाची नोंद ठेवणारी व्यवस्था असणे सक्तीचे झाले आणि ती माहिती गोळा होऊ लागली. युरोपीय आयोगाने २०२४ मध्ये ती जाहीर केली तेव्हा दिसले की नव्या चाचणीनंतरही पेट्रोल-डिझेल गाड्या कागदापेक्षा सुमारे वीस टक्के अधिक उत्सर्जन करतात, आणि प्लग-इन हायब्रिड, म्हणजे प्लग लावून चार्ज होणाऱ्या पण इंजिनही असलेल्या गाड्यांचे उत्सर्जन तर कागदाच्या साडेतीन पट होते. आपल्याकडे ती जागतिक चाचणी आणण्याची आणि एसी चालू ठेवून मोजण्याची चर्चा सुरू आहे, तिचे मी स्वागत करतो. तेवढ्यावर थांबून मात्र भागणार नाही. खोलीतली कोणतीही परीक्षा काही वर्षांनी पाठ होते. रस्त्यावरची नोंद पाठ करता येत नाही.

अशी नोंद ठेवायला नवे यंत्रही लागत नाही. आजच्या प्रत्येक गाडीतला नियंत्रक दर क्षणी किती इंधन फवारायचे हे स्वतःच ठरवतो; त्याला बेरीज ठाऊक असतेच. युरोपच्या नियमात या बेरजेतली चूक पाच टक्क्यांच्या आत असावी अशी अट आहे. आपल्याकडे गाडी सर्व्हिसिंगला जाते तेव्हा निदानयंत्र जोडले जातेच. त्याच वेळी एकूण किलोमीटर आणि एकूण लिटर हे दोनच आकडे, मालकाचे नाव-गाव न घेता, केंद्र सरकारच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोकडे जावेत आणि ब्युरोने दरवर्षी मॉडेलनिहाय सरासरी जाहीर करावी. माझ्या एका वहीला पुरावा म्हणून काही किंमत नाही, हे मी जाणतो; अ‍ॅक्सिलरेटरवर माझा पाय जड असेल, माझा रस्ता वाईट असेल. पण एकाच मॉडेलच्या वीस हजार गाड्यांची सरासरी काढली की एकेकाच्या पायाचा प्रश्न मिटतो.

इथे मला सरकारी धोरणातल्या एका विसंगतीकडे लक्ष वेधायचे आहे. २०१७ पासून आपल्याकडे प्रत्येक कंपनीच्या सर्व गाड्यांच्या सरासरी कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनावर मर्यादा आहे. ती आधी किलोमीटरला १३० ग्रॅम होती, २०२२ पासून ११३ ग्रॅमच्या आसपास आली. हे आकडे वाचून सर्वांना एकच पट्टी लावली आहे असे वाटते. वस्तुतः मर्यादा वजनावर ठरते. कंपनीच्या गाड्या सरासरीने जितक्या जड, तितकी तिला मिळणारी मर्यादा सैल. म्हणजे गाडी दोनशे किलोंनी जड केली तर जास्त जाळण्याची परवानगीही सोबत मिळते. पुढच्या टप्प्यासाठी ब्युरोने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेल्या मसुद्यात ९०९ किलोंपेक्षा हलक्या छोट्या गाड्यांना थोडी सवलत सुचवली, तेव्हा मोठ्या गाड्यांवर भिस्त असलेल्या कंपन्यांनी तिला जोरदार विरोध केला. वजनावर सवलत देणे अन्यायाचे आहे, असे त्यांचे म्हणणे होते. ते तत्त्व मला मान्य आहे. ते जडपणालाही लागू करावे, एवढाच माझा आग्रह आहे.

करांचेही तेच. चार मीटरपेक्षा लांब, १५०० सीसीपेक्षा मोठे इंजिन आणि जमिनीपासून १७० मिलिमीटरहून अधिक उंची असलेल्या एसयूव्हीवर जीएसटी आणि उपकर मिळून ५० टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. लांबी, इंजिन आणि उंची मोजणाऱ्या या कराने लिटर कधीच मोजले नाहीत. फ्रान्सने २०२२ पासून १,८०० किलोंच्या वरच्या प्रत्येक किलोवर आकार लावला आणि २०२४ मध्ये ती रेषा १,६०० किलोंवर आणली. आपल्याकडे लगेच असे करा असे मी म्हणत नाही. पण २०२४-२५ मध्ये देशात विकल्या गेलेल्या सुमारे ४३ लाख प्रवासी वाहनांपैकी जवळपास दोन तृतीयांश एसयूव्ही आणि तत्सम युटिलिटी वाहने होती, तेव्हा कराच्या तक्त्यात इंधनाचा रकानाच नसणे यापुढे परवडणारे नाही.

या मागणीवर घेतल्या जाणाऱ्या आक्षेपांपैकी एक मला खरोखर विचार करायला लावतो. तो असा की, खड्ड्यांचे रस्ते, पावसाळ्यात वाहणारे ओढे आणि घरातली सात माणसे हे वास्तव असताना मोठ्या गाडीला दोष का द्यायचा? मी गडचिरोलीत आणि सातारच्या डोंगराळ भागात वडापच्या जीपने फिरलो आहे. दहा-बारा माणसे घेऊन जाणारी ती जीप लिटरला दहा किलोमीटर गेली तरी सर्व माणसांचे किलोमीटर मिळवले तर एका लिटरमध्ये शंभर किलोमीटरचा प्रवास होतो. आपली एसटी लिटरला चार-पाचच किलोमीटर जाते, पण चाळीस माणसे बसल्यावर तोच आकडा दीडशे-दोनशेवर जातो. हिंजवडीला एकटा जाताना माझ्या गाडीत तो आकडा आठ असतो. तेव्हा दोष गाडीच्या आकाराला सरसकट देता येत नाही, आणि मी देतही नाही; ज्याला सात माणसे घेऊन कच्च्या रस्त्याने रोज जायचे आहे त्याने ती गाडी जरूर घ्यावी. परंतु शहरात एकट्याने फिरण्यासाठी तीच गाडी घेणाऱ्याला तिचा शहरातला खर्च आधी कळला पाहिजे. ‘चाळीस लाखांची गाडी घेणारा डिझेल बघत नाही’ हा दुसरा आक्षेप मी फारसा गंभीर मानत नाही, कारण आज एसयूव्ही घेणाऱ्यांत सात वर्षांच्या हप्त्यावर गाडी घेणारी असंख्य मध्यमवर्गीय कुटुंबे आहेत आणि बँकेचा हप्ता काढताना ती इंधनाचा खर्च छापील आकड्यावरूनच धरतात.

विजेवर चालणाऱ्या गाड्यांनी या प्रश्नाला एक वेगळे वळण दिले आहे. त्यांची जाहीर केलेली रेंज, म्हणजे एका चार्जमध्ये जाण्याचे अंतर, हीही चाचणीतलीच असते, पण तिथे आकडा चुकला तर माणूस रस्त्यात अडकतो, आणि ही भीती ग्राहकाला शोरूमच्या दारातूनच परत पाठवते. म्हणून टाटासारख्या कंपनीने चाचणीतल्या आकड्यासोबत ‘सी ७५’ या नावाने, आपल्या पंचाहत्तर टक्के ग्राहकांना प्रत्यक्षात मिळू शकेल अशी रेंजही सांगायला सुरुवात केली. कंपन्यांकडे ही माहिती असते आणि ती सांगता येते, याचा याहून स्पष्ट दाखला नको. डिझेलच्या गाडीत आकडा चुकला तर पुढचा पंप तीन किलोमीटरवर असतो, इतकाच काय तो फरक.

गेल्या महिन्यात मी ही गाडी विकायला काढली होती. हडपसरहून एक तरुण गृहस्थ पत्नीला घेऊन पाहायला आले. त्यांनी गाडीभोवती दोनदा चक्कर मारली, तिसऱ्या रांगेत बसून पाहिले आणि मग नेहमीचा प्रश्न विचारला. मी ग्लव्ह बॉक्समधून वही काढून त्यांच्या हातात दिली. त्यांनी कोकणच्या फेऱ्यांची पाने उलटून शहरातल्या नोंदी काढल्या, मोबाइलवर आपल्या रोजच्या चाळीस किलोमीटरांचा गुणाकार केला, तो आकडा पत्नीला दाखवला आणि वही मिटून परत दिली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला. गाडी आवडली आहे, पण आमचे सगळे धावणे शहरातलेच आहे, तेव्हा छोटी बघतो, असे ते म्हणाले.